पीसी कॅबिनेटच्या फॅनला रंग बदलणारे एलईडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे १२० मिमीच्या, पारदर्शक पात्यांच्या एका फॅनसाठी आहेत: चार कोपऱ्यांत चार आरजीबी (लाल-हिरवा-निळा एकत्र असलेले) एलईडी, एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, १२ व्होल्टची लाइन आणि रंग फिरवायला आर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. फॅन ८० किंवा १४० मिमीचा असला तरी सर्किट तेच राहतं, बदलतात फक्त भोकांच्या जागा. पाती काळी असतील तर मात्र या भानगडीत पडू नका. काळं प्लास्टिक उजेड गिळतं आणि हाती फक्त चार रंगीत ठिपके उरतात.

तयार आरजीबी फॅन मिळतात, मग हा खटाटोप कशाला?

नुसती रोषणाई हवी असेल तर तयार फॅन घ्या, वेळ वाचेल. स्वतः जोडण्यात अर्थ आहे तो हाताशी चांगला, कमी आवाजाचा फॅन असेल तर, रंग तापमानाप्रमाणे बदलायला हवा असेल तर, किंवा हे सगळं चालतं कसं ते समजून घ्यायचं असेल तर.

प्रोग्रामिंग न करता जमेल का?

जमेल, दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा म्हणजे दोन पायांचे ‘ऑटो’ रंगबदलू एलईडी. रंग फिरवणारी चिप यांच्या पोटातच असते. मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार वायरींच्या कनेक्टरच्या) लाल वायरवरून ५ व्होल्ट घ्यायचे आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रेझिस्टर लावायचा, झालं. यात दोन गोष्टींवर लोक फसतात. एक, चार एलईडी एकामागोमाग एक जोडून १२ व्होल्टवर टाकतात. आतल्या चिपला स्थिर व्होल्टेज लागतं. शेजारच्या एलईडीने रंग बदलला की ते हलतं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दोन, सुरुवातीला चारही एलईडी एकसाथ लाल होतात, पण काही मिनिटांत प्रत्येकाचा ताल वेगळा पडतो. प्रत्येक चिपचं घड्याळ किंचित पुढेमागे असतं, त्याला इलाज नाही. कुणाला हा विस्कळीतपणाच आवडतो.

दुसरी तऱ्हा तीन ५५५ टायमर आयसींची, प्रत्येक रंगाला एक. तिन्हींना १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, आणि कपॅसिटर अनुक्रमे ४७, ३३ व २२ मायक्रोफॅरड. त्यांची आवर्तनं साधारण ६.८, ४.८ आणि ३.२ सेकंदांची येतात. ती एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून रंगांचा क्रम लवकर ओळखू येत नाही. ५५५ थेट १२ व्होल्टवर चालतो आणि त्याचं आउटपुट चार एलईडींचा करंट आरामात ओढतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरही लागत नाही. फक्त रंग झपकन बदलतात, एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येक आयसीच्या १ आणि ८ या पिनांमध्ये, अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच. नाहीतर एक ५५५ पलटला की शेजारचाही दचकतो.

रंग सावकाश एकमेकांत मिसळायला हवे असतील तर नॅनो. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

नॅनोच्या सर्किटला काय काय सामान लागतं?

आर्डुइनो नॅनो एक, यूएलएन२००३ए (सात स्विचांचा) आयसी एक आणि त्याचा १६ पिनांचा बेस, कॉमन अ‍ॅनोड प्रकारचे (तिन्ही रंगांचा प्लस पाय एकच असलेले) ५ मिमीचे आरजीबी एलईडी चार, पाव वॉटचे ६८० ओहमचे रेझिस्टर चार आणि ५६० ओहमचे आठ, ५०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज (गार झाल्यावर पुन्हा चालू होणारा फ्यूज) एक, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर एक, ०.१ मायक्रोफॅरडचा एक, झिरो पीसीबीचा तुकडा, रंगीत रिबन केबल मीटरभर, हीट श्रिंक स्लीव्ह आणि मोलेक्सचं जोडीचं कनेक्टर. दोनदोन एलईडी आणि रेझिस्टर जास्तीचे घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. एलईडी घेताना ‘कॉमन प्लस’ असं स्पष्ट सांगा. कॉमन अ‍ॅनोड आणि कॉमन कॅथोड दिसायला सारखेच असतात, आणि चुकीचा प्रकार आला तर या सर्किटमध्ये काहीच पेटणार नाही. दुकानातच मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून लाल प्रोब सर्वांत लांब पायाला आणि काळा इतर पायांना लावून पाहा. लाल मंद पेटला तरी प्रकार कळला. निळा-हिरवा काही मीटरांवर पेटतच नाही, मीटरचं व्होल्टेज कमी पडतं.

एलईडी नॅनोच्या पिनांना थेट का नाही जोडायचे?

दोन कारणं. एका रंगाचे चार एलईडी मिळून सुमारे ५५ मिलिअँपिअर घेतात. नॅनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० आहे आणि २० च्या आत राहणं शहाणपणाचं. दुसरं कारण जास्त घातक. एलईडीच्या एका टोकाला १२ व्होल्ट आहेत आणि पिन ‘बंद’ केली तरी तिच्यावर ५ च व्होल्ट असतात. उरलेल्या ७ व्होल्टवर एलईडी मंद पेटलेलाच राहतो आणि तो करंट पिनच्या आतून शिरून चिप मारतो. म्हणून मध्ये यूएलएन२००३ लागतो. त्याच्यात सात स्विच आहेत, बेसचे रेझिस्टर आतच आहेत, आणि नॅनोकडून त्याला जेमतेम दीड मिलिअँपिअर लागतो.

मॉसफेट हा ट्रान्झिस्टरही चालतो, पण तो लॉजिक लेव्हलचा, म्हणजे ५ व्होल्टवर पुरता उघडणारा हवा. आयआरएलझेड४४एन मागितला की दुकानदार पुष्कळदा ‘तोच आहे हा’ म्हणून आयआरएफझेड४४एन पुढे करतो. तो ५ व्होल्टवर पुरता उघडत नाही. एका फॅनसाठी मॉसफेट म्हणजे नाहीतरी उंदीर मारायला तोफ.

जोडणी नेमकी कशी करायची?

मोलेक्सची पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. पिवळी आधी पॉलिफ्यूजमध्ये, तिथून चारही एलईडींच्या लांब पायांना. लाल वायर नॅनोच्या ‘५व्ही’ पिनवर, ‘व्हीआयएन’वर नाही. काळी वायर नॅनोच्या ग्राउंडला आणि यूएलएनच्या ८ नंबरच्या पिनला.

नॅनोचे डी९, डी१० आणि डी११ अनुक्रमे यूएलएनच्या १, २ आणि ३ नंबरच्या पिनांवर. त्यांच्या समोरच्या १६, १५ आणि १४ या पिना म्हणजे लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक एलईडीचा प्रत्येक रंगाचा पाय स्वतःच्या रेझिस्टरमधून आपल्या रंगाच्या पिनला जोडा: लालला ६८० ओहम, हिरव्या-निळ्याला ५६०. यूएलएनची ९ नंबरची पिन मोकळी सोडा. ती रिले-मोटरसाठी असते.

१०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फ्यूजच्या पुढे, १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये. पट्ट्याची बाजू ग्राउंडला, उलटा लावला तर फुगतो. ०.१ मायक्रोफॅरडचा नॅनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये.

फॅनच्या मोटरच्या वायरींना या सगळ्यात हात लावायचा नाही. मोटर मदरबोर्डवर, दिवे मोलेक्सवर. हे दोन संसार वेगळे ठेवले की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

रेझिस्टरचे आकडे कुठून आले? एकच रेझिस्टर कॉमन पायावर लावला तर?

लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, हिरव्या-निळ्यावर ३.२ च्या आसपास, आणि यूएलएन स्वतः ०.९ व्होल्ट खातो. लालसाठी १२ मधून २.९ वजा केले की ९.१ उरतात. त्यांना ६८० ने भागलं की १३.४ मिलिअँपिअर. हिरव्या-निळ्यासाठी उरतात ७.९, आणि ५६० ओहमवर १४.१ मिलिअँपिअर. रेझिस्टरमध्ये ०.१२ वॉटच्या आसपास उष्णता होते, पाव वॉटचा पुरतो. सगळं पूर्ण पेटलं तर चार एलईडी मिळून १६६ मिलिअँपिअर, म्हणजे २ वॉट. ६८० ची पट्टी निळा-राखाडी-तपकिरी, ५६० ची हिरवा-निळा-तपकिरी. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि राखाडी हमखास चुकतात, मीटरने मोजून लावा.

कॉमन पायावर एकच रेझिस्टर ठेवून अकरा वाचवायचा मोह होतो. तसं केलं की लाल आणि हिरवा एकत्र पेटवल्यावर पिवळा येतच नाही. लालला कमी व्होल्ट लागतात, म्हणून सगळा करंट तोच पळवतो आणि हिरवा झोपतो. चार एलईडींना मिळून रंगामागे एक रेझिस्टर हीही तशीच चूक. त्यातला सर्वांत ‘हलका’ एलईडी जास्त करंट ओढतो आणि आधी मरतो.

मदरबोर्डच्या फॅन हेडरवरूनच दिवे घेतले तर?

हेडर (मदरबोर्डवरच्या फॅन लावायच्या पिना) साधारणपणे १ अँपिअरपर्यंत देतो, त्यामुळे करंटचा प्रश्न नाही. प्रश्न व्होल्टेजचा आहे. तीन पिनांच्या फॅनचा वेग मदरबोर्ड व्होल्टेज कमी करून आवरतो. फॅन सावकाश झाला की दिवेही मंदावतात आणि निळा सर्वांत आधी विझतो. चार पिनांच्या फॅनला १२ व्होल्ट कायम मिळतात, वेगाचा इशारा निळ्या वायरवरून २५ किलोहर्ट्झने जातो. तिथे हा त्रास नाही, तरी मोलेक्सच बरा. हिरव्या वायरीला तर अजिबात काही जोडू नका. ती वेग मोजण्याची आहे. तिला धक्का लागला की मदरबोर्डला फॅन बंद पडल्यासारखा वाटतो आणि काही बोर्ड पीसी सुरू होतानाच अडून बसतात.

फ्यूज खरंच लागतो?

हो, आणि या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हेच. एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन वीस-तीस अँपिअर सहज देते. तिच्या दृष्टीने तुमची केसासारखी रिबन केबल म्हणजे अजून एक ग्राहक. सोल्डरचा एक थेंब चुकीच्या जागी पडला तर एसएमपीएस बंद पडायच्या आधी वायरीचं आवरण वितळतं, आणि ती वायर बाकीच्या वायरींच्या जुडग्यात असते. ५०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज शॉर्ट झाल्यावर तापून रस्ता बंद करतो आणि सप्लाय काढून गार झाल्यावर पुन्हा चालू होतो. तो कनेक्टरच्या शक्य तितक्या जवळ लावा. फ्यूजच्या आधीच्या वायरला त्याचं संरक्षण नसतं.

मोलेक्स नसेल आणि साटा-ते-मोलेक्स अडॅप्टर घ्यायचा असेल, तर ज्याच्या साटा कनेक्टरला मागून वायरी दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या. एकसंध ओतलेल्या प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

फॅनच्या फ्रेमला भोकं पाडताना ती तडकते. काय चुकतं?

वेग आणि जोर. आधी २ मिमीचं भोक, मग ३.५, मग ५. ड्रिल हळू, आणि मागे लाकडाचा तुकडा. फ्रेम पारदर्शक असेल तर थेट ५ मिमीचा बिट लावला की शेवटच्या क्षणी तो प्लास्टिकमध्ये अडकतो आणि कोपरा चिरतो. भोकं फ्रेमच्या कोपऱ्याच्या भिंतीतून मधल्या गोलाकडे रोखलेली हवीत, स्क्रूच्या खांबांपासून दूर. ड्रिल करताना पाती आणि मोटर सेलोटेपने झाका. प्लास्टिकचा भुसा बेअरिंगमध्ये गेला की फॅन कायमचा खरखरतो.

खरी कसरत एलईडी बसवताना असते. ५ मिमीच्या एलईडीचं डोकं साडेआठ मिमीच्या आसपास लांब असतं आणि फ्रेमची भिंत दोन-तीन मिमीचीच. कडेपर्यंत दाबला तर तो आत पाच-सहा मिमी घुसतो आणि पात्यावर आदळतो. उपाय साधा आहे. भोकाच्या आतल्या तोंडावर मास्किंग टेप चिकटवा, बाहेरून एलईडी टेपला टेकेपर्यंत सरकवा, बाहेरून हॉट ग्लूचा थेंब सोडा, गार झाल्यावर टेप काढा. डोकं आतल्या भिंतीशी बरोबर समतल बसतं. मग फॅन हाताने फिरवून कान द्या. ‘टिक्’ असा आवाज आला तर एलईडी अर्धा मिमी मागे घ्या.

फेव्हिक्विकसारखा गोंद इथे नको. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट साय धरते आणि ती निघत नाही.

एलईडी दुधी घ्या. स्वच्छ काचेसारख्यात तीन रंगांचे तीन वेगळे डाग पडतात. घरात स्वच्छच असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने डोकं घासा, काम भागतं.

प्रोग्राममध्ये काय लिहायचं?

तीन टप्पे. पहिल्यात लाल २५५ वरून ० कडे उतरतो आणि हिरवा ० वरून २५५ कडे चढतो. दुसऱ्यात हिरवा उतरतो, निळा चढतो. तिसऱ्यात निळा उतरतो, लाल चढतो. एकूण ७६८ पायऱ्या. प्रत्येक पायरीला २० मिलिसेकंद थांबलात तर एक फेरी साधारण १५ सेकंदांची होते. त्याहून वेगवान फेरी डोळ्यांना लवकर जाच करते.

आकडा थेट पाठवला तर एलईडी सुरुवातीलाच भस्सकन उजळतो आणि पुढचा अर्धा वेळ काही बदलल्यासारखं वाटत नाही. डोळ्याचं गणित सरळ रेषेचं नाही. म्हणून प्रत्येक आकड्याचा वर्ग करून २५५ ने भागा आणि तो पिनवर पाठवा. वर्ग करताना व्हेरिएबल ‘अनसाइन्ड इंट’ ठेवा. साध्या ‘इंट’मध्ये ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही, आणि १८१ च्या पुढे रंग उड्या मारायला लागतात.

प्रोग्राम चढत नसेल तर नॅनोच्या बहुतेक स्वस्त बोर्डांना सीएच३४० चा ड्रायव्हर लागतो, आणि बोर्ड निवडताना ‘ओल्ड बूटलोडर’ करून बघा. यूएसबी लावताना मोलेक्सचं कनेक्टर काढून ठेवा.

पाती थांबल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी का दिसतात?

नॅनो दिवे सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद करतो. सात पात्यांचा फॅन मिनिटाला १०५० फेऱ्या घेत असेल तर एका जागेवरून सेकंदाला १२२.५ पाती जातात. ४९० ही त्याची बरोबर चौपट, त्यामुळे पाती जागच्या जागी गोठल्यासारखी दिसतात. वेग थोडा पुढेमागे झाला की ती हळूहळू सरकतात. काहींना हे फार आवडतं. नको असेल तर टायमरचा वेग वाढवा. सेटअपमध्ये ‘टीसीसीआर१बी’ आणि ‘टीसीसीआर२बी’ या दोन्ही रजिस्टरांचे शेवटचे तीन बिट ०१० करा. डी९, डी१०, डी११ तिन्ही ३.९ किलोहर्ट्झवर जातात. मोबाइलने व्हिडिओ काढताना पडणारे काळे पट्टेही यानेच बरेच जातात. टायमर शून्याला हात लावू नका, ‘डिले’चा हिशोब त्याच्यावर चालतो. डी५ आणि डी६ न वापरण्याचं कारण हेच.

पांढरा हिरवट दिसतो आणि पिवळा पोपटी. एलईडी खराब आहेत?

नाहीत. तेवढ्याच करंटवर हिरवा डोळ्यांना जास्त प्रखर वाटतो. प्रोग्राममध्ये हिरव्याचा आकडा निम्म्यावर आणा आणि तिथून थोडा थोडा वाढवत बघा. हे कॅबिनेट बंद करून करा. उघड्यावर जुळवलेला पांढरा आत निळसर वाटतो.

काहीच पेटत नाही, किंवा भलतंच पेटतं. कुठून शोधायचं?

टेबलावर तपासा, कॅबिनेटमध्ये नाही. राउटरचा १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर एलईडींच्या बाजूला, नॅनो यूएसबीवर, आणि दोघांचं ग्राउंड एकत्र. हे ग्राउंड जोडायचं राहिलं की काहीच धड पेटत नाही. पहिली शंका तिथेच घ्या.

एका कोपऱ्यात एकच रंग गायब असेल तर त्या पायाचं सोल्डर ड्राय आहे, म्हणजे नीट धरलेलं नाही. वरून चकचकीत दिसण्याऐवजी ते राखाडी, दाणेदार दिसतं. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, पाय चिमट्यात धरा म्हणजे उष्णता डोक्यापर्यंत जात नाही. चारही कोपऱ्यांत तोच रंग गायब असेल तर यूएलएन किंवा त्याच्या आधीची वायर बघा. एका कोपऱ्यात रंगांची अदलाबदल झाली असेल तर पायांचा क्रम चुकलाय. हिरवा आणि निळा कुठल्या बाजूला हे सगळ्या बनावटींत सारखं नसतं. एका कोपऱ्यात दोन रंग नेहमी एकत्रच पेटत असतील तर एलईडीचा पाय शेजारच्या पायाला टेकतोय. प्रत्येक पायाला वेगळी स्लीव्ह घातली होती ना?

हेडफोनमध्ये बारीक शीळ ऐकू आली तर दिव्यांची केबल पुढच्या ऑडिओच्या केबलला बांधलेली असते. ती वेगळी ओढा.

रंग तापमानाप्रमाणे बदलता येतो का?

येतो, आणि हाच या सर्किटचा खरा उपयोग. १० किलोओहमचा, बी-मूल्य ३९५० असलेला एनटीसी थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा) ए० आणि ग्राउंडमध्ये, १० किलोओहमचा साधा रेझिस्टर ए० आणि ५ व्होल्टमध्ये. २५ अंशांना सुमारे ५११ वाचन येतं, ३५ ला ४०३, ४० ला ३५४, ५० ला २७०. ४०३ च्या वर निळा, २७० च्या खाली लाल, मधल्यात प्रमाणात मिश्रण. वाचनं सोळा-सोळा घेऊन सरासरी काढा, नाहीतर रंग थरथरतो. थर्मिस्टर मागच्या फॅनच्या हवेत लटकता ठेवा. प्रोसेसरच्या हीटसिंकला चिकटवला तर प्रत्येक लहानसहान कामाला रंग उडी मारतो.

मदरबोर्डवर आरजीबी हेडर आहे. नॅनो लागेलच का?

चार पिनांचा १२ व्होल्टचा हेडर असेल तर नाही. त्याचा पहिला पिन १२ व्होल्ट, बाकी तीन रंगांचे, आणि हे एलईडी त्यांच्या रेझिस्टरांसकट थेट चालतात. तीन पिनांचा, एक जागा रिकामी असलेला हेडर ५ व्होल्टचा आहे आणि तो डब्ल्यूएस२८१२बीसारख्या चिपवाल्या एलईडींसाठी. ते एलईडी १२ व्होल्टच्या हेडरवर घुसवले तर क्षणात जातात.

तीन फॅन एकाच नॅनोवर चालतील?

चालतील. यूएलएनच्या प्रत्येक स्विचवर सुमारे १७० मिलिअँपिअर येतात, ते त्याला झेपतात. सगळे मिळून ५०० होतात, म्हणून पॉलिफ्यूज १.१ अँपिअरचा घ्या. गरम कॅबिनेटमध्ये ५०० वाला विनाकारण तुटतो. प्रत्येक फॅनला चार पिनांचं छोटं कनेक्टर लावा, म्हणजे धूळ काढायला फॅन सुटा करता येतो. प्रोग्राम बदलावा लागत नाही.